आमच्या माळावरची फायनल शारजात

आमच्या भागात फुटबॉल कुणी आणला यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, निजामाच्या अमलात हैदराबादहून बदलून आलेल्या एका अमीनसाहेबाने, म्हणजे फौजदाराने. दुसरा म्हणतो, शाळेतल्या ड्रिल मास्तरने. मी दोन्हीकडचा चहा प्यायलेला माणूस, त्यामुळे त्यात पडत नाही. एवढं खरं की बीडकडच्या लिंबागणेशच्या अंगाला माळावर जी गावं आहेत, तिथली पोरं क्रिकेटच्या आधीपासून फुटबॉल खेळत आली, आणि या गावांची मिळून एक लीग होती. पोळा झाला की ती सुरू व्हायची आणि दसरा-दिवाळीच्या मधे संपायची, कारण दिवाळी झाली की निम्मे खेळाडू कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे. मग माळावर शेळ्या आणि माझ्यासारखे दुकानदारांचे रिकामटेकडे मुलगे एवढेच उरायचे.

या लीगचा एक नियम फुटबॉलच्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. शेवटची शिट्टी झाली तरी आमच्याकडे मॅच सुटायची नाही. यजमान गाव पाहुण्या संघाला पंगतीत बसवून जेवू घालायचं, पाहुण्यांचा कॅप्टन हात धुवायला उठताना मोठ्याने 'जेवण झालं' म्हणायचा, आणि तेव्हा कुठे मॅच सुटायची. त्यानंतर निकालावर चकार शब्द काढायचा नाही. पूर्वी म्हणे दर मॅचला डोकी फुटायची, म्हणून जुन्या माणसांनी ही तोड काढली होती. ज्या घरी जेवलो त्या घराशी भांडायला आमच्याकडचा माणूस अजूनही लाजतो. पंगत झाली नाही तर मॅच उघडी, आणि उघडी मॅच पुन्हा खेळायची. एका वर्षी नदीला पाणी आलं म्हणून पाहुणे न जेवताच पळाले, तर दुसऱ्या दिवशी यजमानांनी टोपल्या डोक्यावर घेऊन त्यांचं गाव गाठलं, त्यांच्या घरच्यांना जेवू घातलं आणि मॅच सोडवून घेतली. तेही सगळ्यांनी मानलं.

फायनल दर वर्षी एकेका गावात, पाळीने. आमच्या गावाची मागची पाळी आली होती ती आमचे वडील हयात असताना. दादाला, माझ्या थोरल्या भावाला, तेव्हा संघात घेण्याइतकी उंची नव्हती. पुढे तो आमचा गोलकीपर झाला आणि अख्ख्या लीगमध्ये त्याच्या तोडीचा दुसरा राहिला नाही. हे मी भाऊ म्हणून सांगत नाही, हरलेल्या गावातली माणसं सांगायची. पण तो जेवढ्या फायनली खेळला तेवढ्या परगावी खेळला. गोलच्या मागे कायम दुसऱ्यांची माणसं, दुसऱ्यांच्या शिव्या. मधल्या काळात वडील गेले, किराणा दुकान त्याच्या अंगावर आलं, लग्न झालं, आणि डावा गुडघा कुरकुरायला लागला. बीडच्या डॉक्टरांनी दम दिला, आता पुरे. दादा त्यांना म्हणाला, "एक आपल्या माळावरची फायनल व्हऊ द्या, मग तुमी म्हणाल तसं."

त्या वर्षी पाळी आमची होती, आणि आमचा संघ फायनललाही पोचला.

ही फायनल त्याला खेळायची होती. दुसरं काही त्याने आयुष्यात मागितल्याचं मला आठवत नाही. पोळ्यापासून रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तो माळावर जायचा. दगड वेचायचा, खड्ड्यांत मुरूम टाकायचा, कुणाचा तरी दगडी रूळ बैल लावून फिरवायचा. बाभळीच्या खांबांच्या जागी त्याने लोखंडी पाइपांचे गोल बसवले आणि त्यांना दुकानातला चुना स्वतः लावला. मी त्या वेळी बीडला कॉलेज आटपून घरी बसलो होतो. संघातही होतो, राखीव गोलकीपर म्हणून, कारण दादा असताना त्या जागेसाठी दुसरं कुणी तयार होत नव्हतं. रूळ फिरवायला मी एकदाही गेलो नाही. मला सकाळी झोप यायची.

ते दिवसच असे होते की गावात रोज काहीतरी नवीन यायचं. दुकानाच्या दारात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या होत्या. थंड बाटलीचं खोकं आलं होतं. दादाने दुकानातच एसटीडीचा बूथ घातला होता, पिवळा बोर्ड लावून, आणि आखातात गेलेल्या पोरांच्या आया दर शुक्रवारी फोनची वाट बघत आमच्या ओट्यावर बसायच्या. आखातात आमच्या भागातली बरीच पोरं होती, गवंडीकाम, सेंट्रिंग, लोखंड बांधणं. त्यांना नेणारा ठेकेदारही आमच्याच भागातला. एके काळी तोही गवंडी म्हणूनच गेला होता. आता तो पांढऱ्या गाडीतून यायचा आणि उतरल्या उतरल्या कपड्यांवरची धूळ झटकायचा, जणू ही धूळ त्याने पहिल्यांदाच पाहिली.

तर हा ठेकेदार फायनलला पोचलेल्या दोन्ही गावांच्या लोकांपुढे पारावर बसला आणि म्हणाला, "क्रिकेटवाले शारजात जाऊन खेळतेत का न्हाई? त्यांचं काय तिथं गाव हाय? मग आपली फायनल तिथं कावून न्हाई व्हनार? तिकडं आपली इतकी पोरं हायत, तीन-तीन सालं घर बघितलं न्हाई त्यांनी. तिकिटं माझी, राहणं माझं, जेवण माझं."

शारजा म्हणजे आमच्या लेखी टीव्हीतलं गाव. पारावर एकदम गलका झाला. विमानात बूट घालून बसू देतात का इथपासून चर्चा सुरू झाली. बूट कोण देणार, बनियन कुठल्या रंगाची, पंच कुणाला न्यायचं, सगळं ठरलं. पंगत कुणाची, हा प्रश्न एवढ्या शहाण्या माणसांपैकी एकालाही पडला नाही. 'जेवण माझं' हे ठेकेदाराचे शब्द ऐकून सगळे निश्चिंत झाले होते.

दादाने एकच विचारलं, "आन् आपला माळ?"

"माळ कुठं पळून चाललाय बे?" ठेकेदार म्हणाला.

सगळे हसले. मीही हसलो. पण माळ पळून जाणार नसला तरी पाळी जाणार होती. फायनल कुठेही होवो, आमच्या गावाची पाळी खर्ची पडणार होती आणि पुढच्या वर्षी ती दुसऱ्या गावाकडे जाणार होती. हे दादाला कळत होतं आणि मलाही कळत होतं, तरी माझं हसू काही थांबलं नाही. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

तरीही दादा शारजाला जाणार होताच. माळ नाही तर नाही, पण फायनल आपल्या नावाची, आपल्या पाळीची. दोघांचेही पासपोर्ट आले. आणि मग आईचा पाय घसरून खुबा मोडला.

आई अंथरुणाला खिळली. तिला उठवायला-बसवायला एक पुरुषमाणूस लागायचा. दिवाळी तोंडावर आलेली, दुकानात तेल, रवा, साखरेची पोती यायची होती, बूथ होता. दोघांपैकी एकालाच जाता येईल हे उघड होतं. जेवता जेवता विषय निघाला. दादा ताटातून मान वर न करता म्हणाला, "तू जा. मी हाय इथं."

मी म्हणालो, "न्हाई दादा, तू जा. मी बघतो दुकान."

"तुला साखर कुठं ठेवतेत ते तरी ठावं हाय का?" तो म्हणाला, आणि वहिनी हसल्या.

आमच्या घरात पाहुण्याला वाढताना तीनदा आग्रह करायची रीत आहे. पहिल्या खेपेला पाहुणा नको म्हणतो, दुसऱ्या खेपेला ताटावर आडवा हात धरतो, तिसऱ्यांदा वाढलं की मुकाट खातो. एकदा विचारून भांडं आत नेणाऱ्याला आमच्याकडे काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी दादाला एकदाच म्हणालो. साखर कुठे ठेवतात हे मला दोन मिनिटांत शिकता आलं असतं. मी भाकरी मोडली आणि आतून मला इतका आनंद झाला होता की ती कोरडीच खाल्ली.

निघायच्या दिवशी दादा बीडच्या स्टँडपर्यंत सोडायला आला. गाडी लागल्यावर खिडकीशी येऊन म्हणाला, "पेनल्टी झालीच तर त्यांचा कॅप्टन घेनार. पाय कुठंबी दाखवू दे, मारतो त्यो गोलकीपरच्या डावीकडंच. तुझ्या डाव्या हाताला पडायचं. इचार करायचा न्हाई." मी मान हलवली. माझं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. मी पुढच्या सीटवर जागा मिळते का ते बघत होतो.

विमानाचं वर्णन मी करणार नाही. ते मला फार आवडलं एवढंच सांगतो. हवाई सुंदरीने दिलेल्या गोळ्या मी दोन मुठी घेतल्या, आणि वहिनींना देईन असं ठरवून वाटेत सगळ्या खाल्ल्या.

शारजातलं आमचं 'स्टेडियम' म्हणजे कामगारांच्या बराकींच्या मागचं वाळूचं पटांगण निघालं. पण चुन्याच्या रेघा सरळ होत्या आणि गोलला जाळी होती. गोलला जाळी मी तोवर टीव्हीतच पाहिली होती. तिकडे शुक्रवारी सुट्टी असते, म्हणून मॅच शुक्रवारी सकाळी, ऊन चढायच्या आत ठेवली होती. आदल्या दिवशी आम्ही सरावाला उतरलो तेव्हा बराकींतून आपली माणसं धावत आली. मिठ्या मारल्या, रडली. कुणी विचारत होतं, आमच्या लिंबाला यंदा लिंबोळ्या आल्या का. एकाने माझ्या बुटाला चिकटलेली गावची माती नखाने काढून रुमालात बांधली. मला आधी हसू आलं, मग त्याचा चेहरा पाहून आलं नाही.

त्यांच्यात दादाच्या बरोबरीचा एक दोस्त होता, आमच्याच आळीतला. त्याने सगळ्या संघावरून नजर फिरवली, पुन्हा फिरवली, आणि मला विचारलं, "थोरला कुठाय बे?"

मी आईचं सांगितलं. तो बराकीत जाऊन एक पुडकं घेऊन आला. आत गोलकीपरचे हातमोजे होते, खरे, तळव्याला रबर असलेले. आमच्याकडे दादा उघड्या हातांनी गोल राखायचा, थंडीत फार तर बागायतदाराकडचे कापडी मोजे. "त्याच्यासाठी घेतले व्हते," तो म्हणाला. "उद्या त्याच्या हातात घालनार व्हतो. आता तू ने घरी. दे त्याला."

मी पुडकं पिशवीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते काढलं आणि मोजे हातात घातले. नुसतं बघावं म्हणून घातले, असं मी स्वतःला सांगितलं. ते घालूनच मैदानात उतरलो. आळीतला दोस्त गोलच्या मागेच उभा होता. त्याने मोज्यांकडे पाहिलं.

मॅचबद्दल गावात अजून बोलतात, त्यामुळे मी थोडक्यात सांगतो. अर्ध्या वेळेनंतर आमच्या एका ऊसतोड्या पोराने लांबून असा फटका मारला की त्यांचा गोलकीपर नुसता बघत राहिला. बराकींतले मल्याळी कामगार, ज्यांचा आमच्याशी काडीचा संबंध नव्हता, ते आनंदाने नाचायला लागले. मॅच संपत आली तेव्हा आमच्या एकाने गोलसमोर पाय घातला आणि पंचाने पेनल्टी दिली. त्यांचा कॅप्टन पुढे आला. मोठ्या बागायतदाराच्या घरातला माणूस, मिशा भरदार, चालण्यात रुबाब. घरात राजकारण असल्यामुळे पेनल्टी घेतानाही तो भाषणाला उभा राहिल्यासारखा उभा राहायचा. त्याने माझ्या उजवीकडे पाहिलं. मी डोळे मिटले आणि डावीकडे पडलो. चेंडू हातांवर आदळला. रबर होतं म्हणून तो बाहेर उडाला, माझे उघडे हात असते तर आत गेला असता. म्हणजे मोजे दादाचे, अक्कल दादाची. माझं होतं फक्त पडणं.

शिट्टी झाल्यावर ठेकेदाराने विटेएवढा मोबाइल काढला, आमच्या दुकानाचा नंबर लावला आणि माझ्या हातात दिला.

"दादा, जिंकलो. एक-शून्य. पेनल्टी अडवली मी."

दादाने विचारलं, "कुठल्या अंगाला?"

"डाव्या."

"हां," तो म्हणाला. मागे गिऱ्हाइकाचा आवाज येत होता. "आई बरी हाय. ठेव आता, त्यांचं बिल वाढतंय."

दुपारी ठेकेदाराने दोन्ही संघांना हॉटेलात जेवायला नेलं. ताटं घेऊन उभ्याने फिरायचं, हवं ते आपल्या हाताने वाढून घ्यायचं. आम्ही सगळे तुटून पडलो. त्यांचा कॅप्टनही भरपूर जेवला. मग हात पुसत तो आमच्याकडे आला आणि थंडपणे म्हणाला, "जेवण छान व्हतं. पर हे ठेकेदाराचं जेवण. पाळी तुमच्या गावाची, आन् तुमच्या गावाचं अन्न आमच्या पोटात गेलं न्हाई. मॅच सुटली न्हाई."

आम्हाला आधी ती थट्टा वाटली. मग एकेकाच्या तोंडचा घास थांबला. तो म्हणत होता ते खरं होतं. आमच्यातल्या एकाने वाटेसाठी घरून दशम्या आणल्या होत्या, त्यातल्या दोन उरल्या होत्या. तो धावत जाऊन घेऊन आला. मग त्या गालिच्यावर नऊ-दहा बाप्ये त्या कॅप्टनच्या मागे दशमी घेऊन फिरत होते, एक तुकडा तरी घ्या म्हणून, आणि तो दात घट्ट मिटून नाकाने बोलत होता. "पंगत म्हंजी पंगत," तो म्हणाला. "पिशवीतली दशमी म्हंजी पंगत न्हवं. गावी जाऊ, रविवारी तुमच्या माळावर परत खेळू." वेटर लोकांना वाटलं भारतात जेवणानंतर हे असं काही करतात.

परतीच्या प्रवासात आमचा संघ त्याला शिव्या देत होता. मी त्यांच्यात सामील होतो, पण खिडकीशी बसल्यावर सगळं लख्ख दिसत होतं. रविवारी परत मॅच. आमच्या माळावर. मी घरी असणार, म्हणजे आईपाशी बसायला माणूस असणार. म्हणजे गोलमध्ये दादा. त्याने चुना लावलेले खांब, मागे आपली माणसं. त्याला हवं होतं ते सगळं या एका मिशाळ माणसाच्या हट्टाने आपण होऊन चालत आलं होतं. कुठल्याही भावाने आनंदाने उडी मारली असती. मी मात्र मनात धरून बसलो होतो की मॅच सुटावी. कशीही सुटावी, पण माझी पेनल्टी पुसली जाऊ नये. हा विचार मी मुंबईपासून बीडपर्यंत घट्ट धरून होतो.

बीडच्या स्टँडवर दोन्ही गावांची माणसं आली होती. हलगी वाजत होती. गर्दीत दादा दिसला, एका पायावर भार देऊन उभा. गाडीतून उतरता उतरताच त्यांच्या कॅप्टनने हात वर करून हलगी थांबवली आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "आमी यांच्या गावचं जेवलो न्हाई. मॅच उघडी हाय. रविवारी यांच्या माळावर."

आमची माणसं खवळली. पण लीगमधली जुनी माणसं एकमेकांकडे बघायला लागली, कारण नियम तर तोच होता. मग सगळे आमच्या संघातल्या सगळ्यांत जुन्या खेळाडूकडे, दादाकडे वळले. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. नाडी सुटलेली नव्हती. दादाच्या तोंडाकडे बघायचं मला धाडस नव्हतं. त्याने हो म्हणू नये असं मी देवाला विनवत होतो. देवही म्हणाला असेल, काय माणूस आहे.

दादा म्हणाला, "मॅच सुटली."

"कशी सुटली?" कॅप्टन म्हणाला.

"शुक्रवारी मी पंगत घेऊन तुमच्या गावी गेलतो. ट्रॅक्टरवर. तुमच्या संघातल्या अकरा घरची माणसं जेवली. तुमच्या मातोश्री जेवल्या. हुग्गी दोनदा घेतली."

हुग्गी म्हणजे आमच्या लिंगायत घरांतली गव्हाची खीर, सणाला आणि लग्नाला करतात ती. कॅप्टनने आपल्या गावच्या माणसांकडे पाहिलं. त्यांनी माना हलवल्या. त्याचा रुबाब एकदम उतरला. "आई जेवली?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"जेवल्या. म्हणल्या, पोरगं परदेशात उपाशी तर न्हाई ना."

मग त्याने दादाचे दोन्ही हात हातात घेतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जेवण झालं."

हलगी पुन्हा सुरू झाली. माझ्या अंगावर गुलाल पडला. मला आनंद झाला, आणि तो थोडाथोडका नव्हता. दादाचा शेवटचा सामना त्या स्टँडवर, एसटीच्या धुरात, दोन शब्दांत संपला आणि मी नाचलो. दादाही टाळ्या वाजवत होता.

घरी गेल्यावर मी त्याला हातमोजे दिले. दोस्ताने काय निरोप दिला होता तेही सांगितलं. दादाने ते उलटेपालटे केले. तळव्याचं रबर एका जागी खरवडलेलं होतं. "घातलेस?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो. "बरं केलंस. नुसते आणून काय उपयोग व्हता." त्याने ते हातात घातले, मुठी वळून बघितल्या आणि खुंटीला टांगले. पुढे लीग त्याने काठावर बसून बघितली. दोन-तीन वर्षांनी केबल घरोघरी पोचली, पोरं क्रिकेटकडे वळली आणि लीगच बंद पडली. आमच्या माळावर फायनल झालीच नाही.

दिवाळीनंतर कार्तिकी पौर्णिमेला दादा आईला जीपमध्ये घालून कपिलधारच्या यात्रेला घेऊन गेला. आईचा हट्ट होता. मी दुकानात बसलो. साखर कुठे ठेवतात हे तोवर मला कळलं होतं. वहिनींनी चहा आणून दिला. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "वहिनी, त्या पंगतीच्या दिवशी एकट्या बाईनं एवढा स्वयंपाक केला कधी तुमी? सकाळपासूनच लागल्या असाल."

"सकाळपासून कुठं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "गहू आदल्या दिशीच भिजवले व्हते. आळीतल्या बायाबी सांगून ठेवल्या व्हत्या. पर ह्यांनी चूल पेटवू देली न्हाई. म्हणले, फोन येऊ दे. मी मनलं, जितो का हरो, पंगत तर आपलीच हाय ना? मग तुमचा फोन आला. ठेवला आन् तिथंच स्टुलावर बसून राह्यले. अर्धा घंटा. गिऱ्हाईक हाका मारून गेलं. मला वाटलं, काही वंगाळ बातमी आली. मग उठले, आत आले आन् म्हणले, पेटव चूल. पोराची मॅच सुटली पायजे."

त्या कप घेऊन आत गेल्या. मी ते स्टूल बघत बसलो.

चूल पेटली नसती तर मॅच उघडी राहिली असती आणि फायनल त्याला मिळाली असती, हे आमच्या लीगमधलं कुणीही सांगेल. दादाला तर ते सगळ्यांत आधी कळलं असणार. त्या अर्ध्या तासात त्याच्या मनात काय चाललं होतं ते मी त्याला कधी विचारलं नाही. मी काय करत होतो ते मात्र मला नीट आठवतं. फोन ठेवल्यावर आपल्या माणसांनी मला उचलून खांद्यावर घेतलं होतं. पटांगणाला एक फेरी झाली, दुसरी झाली. ती माणसं दमली, मला खाली ठेवायला लागली, तेव्हा मीच म्हणालो, अजून एक.